पाण्याला वाट

वैशाख सरत आला की कोकणातल्या घराभोवती एक फेरी मारायची असते. या फेरीत हातात खडू-पेन्सिलीपलीकडं काही घ्यायचं नाही. हातोडी नको, शिडी नको, फोनही नको. फक्त पाहायचं. तुमचं घर रत्नागिरीकडचं असो, सावंतवाडीचं असो की पेडण्याचं, किंवा ते आता फक्त आठवणीत उरलेलं असो, त्याला समोर आणा. गावाला घर नसेल तर डोक्यावर जे छप्पर आहे ते डोळ्यांपुढं आणा. मृग अजून थोडा लांब आहे. वेळ आहे.

आधी अंगणात बसा. पाठ टेकायला तुळशीवृंदावनाचा कट्टा आहे, समोर घर आहे. मनात कामांची यादी तयार व्हायला लागेल. होऊ दे, तिच्या मागं जाऊ नका. कौलांवरून नजर हळूहळू खाली येऊ द्या आणि त्याबरोबर एक साधा हिशेब करा.

रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमच्या छपरानं १०० चौरस मीटर जागा झाकली असेल, तर एका पावसाळ्यात जवळजवळ तीन लाख लिटर पाणी त्यावरून उतरतं. मागच्या वर्षी उतरलं. तुम्ही रांगत होता तेव्हाही उतरलं.

या आकड्यापाशी थोडं थांबा.

एवढं पाणी अडवून धरणं कुठल्याच घराला शक्य नाही. घर त्याला पुढं पाठवतं. कौलावरून पागोळीत, पागोळीतून चरात, चरातून पाणंदीत, पाणंदीतून व्हाळात. घराची बाहेरून निगा राखायची म्हणजे ही वाट मोकळी ठेवायची. बाकीची सगळी कामं या एका कामाच्या पोटात येतात. म्हणून आज जिथं जिथं थांबाल तिथं दोनच प्रश्न विचारा. पाणी इथं कुठून येईल? इथून कुठं जाईल?

छप्पर

छपराची पाहणी घरात बसून सुरू होते. भर दुपारी माजघरात जा, दारं-खिडक्या लावून घ्या आणि जमिनीवर बसून वर पाहा. काही वेळ काळोखाशिवाय काही दिसणार नाही. डोळे सरावू द्या. मग वासे दिसतील, त्यांवरच्या रीपा दिसतील, आणि कौलांच्या सांध्यांमधून झिरपणारा बारीक उजेड दिसेल. तो उजेड असायचाच, त्या फटींतूनच घर श्वास घेतं. तुम्ही शोधताय तो वेगळा. जमिनीवर एका जागी पडलेला लख्ख कवडसा. त्याच्या रेषेनं वर गेलात की फुटलेलं किंवा सरकलेलं कौल सापडतं. त्या जागेखालच्या वाशावर खडूनं खूण करा आणि पुढं बघा.

कवडसा सापडला की मन लगेच शिडीकडं धावतं. त्याला थांबवा. सगळ्या खुणा होईपर्यंत बसून राहायचं. एकच गळती बुजवून उठलेला माणूस उरलेल्या दोन गळत्या श्रावणात शोधतो, आणि तेव्हा भांडी मांडण्यापलीकडं काही करता येत नाही.

मंगळुरी कौलांची गंमत नीट समजून घेण्यासारखी आहे. बाझेल मिशनच्या लोकांनी १८६०च्या दशकात मंगळूरला या कौलांचं उत्पादन सुरू केलं आणि हळूहळू सगळा पश्चिम किनारा त्या लाल रंगाखाली आला. प्रत्येक कौलाच्या कडेला खाच असते. शेजारच्या कौलाची कड त्या खाचेत बसते, आणि वरच्या ओळीचं खालचं टोक खालच्या ओळीवर येतं. कुठंही सिमेंट नाही, खिळा नाही. एक कौल फुटलं तर आतून वरच्या कौलाला हातानं किंचित उचलायचं, फुटकं काढायचं, नवं सरकवायचं. शेजाऱ्याला धक्का न लावता एकाला बदलता यावं, हे मुळातच त्या घडणीत आहे. बनवणारा तुटणं धरूनच चालला होता.

नवं कौल चढवण्याआधी ते एका हातात तोलून धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ते वर्षानुवर्षं राहील. बद्द आवाज आला तर त्यात कुठंतरी डोळ्यांना न दिसणारी चीर आहे, ते बाजूला ठेवा. ढिगातलं प्रत्येक कौल असं ऐकून घ्या. हे काम घाईत होत नाही, आणि झालं तर ते ऐकणं राहत नाही.

जुनी नळीची कौलं असतील तर गोष्ट निराळी. ती एकमेकांत अडकत नाहीत, नुसती एकावर एक बसलेली असतात. वारा, माकडं, उंदीर, मांजरं सगळे मिळून त्यांना वर्षभर थोडंथोडं हलवतात. म्हणून ती दरवर्षी परतायची. एका कडेपासून काढत जायचं, झाडायचं, फुटकी वेगळी करायची, पुन्हा लावत जायचं. वर्षातून एकदा सगळं छप्पर माणसाच्या हातांखालून जायचं, आणि कुठला वासा पोकळ वाजतो, कुठली रीप वाकली, हे त्या ओघात कळून यायचं.

आता बाहेर या आणि छपराची दोन पाखी जिथं मिळतात ती खोलगट जागा पाहा. आंब्याची पानं, फणसाची पानं, बोंडं, पोफळीच्या विरी सगळं तिथं येऊन साचतं. कोरडं असताना तो नुसता पाचोळा. पहिल्या सरीनंतर तो लगदा होऊन बांध घालतो आणि पाणी उलटं फिरून कौलांखाली शिरतं. पुष्कळ गळत्यांवर नवं कौल हा उपाय नसतोच, पाचोळा काढणं हा असतो. छपरावर ओणवलेली फांदी आणि सुटायला आलेली माडाची झावळ हीसुद्धा आताच उतरवायची.

वर जाणाऱ्यानं कौलं पूर्ण कोरडी असतानाच जावं, पाय रीपेच्या रेषेवर टाकावा, आणि शिडी धरायला खाली माणूस असावा. आपण कुणाला वर पाठवत असू तर तो उतरेपर्यंत शिडीपासून हलू नये.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनारा घासत वर गेलं. अनेकांनी त्यानंतर कौलं उतरवून पत्रे घातले. तुमच्या घरावर पत्रा असेल तर त्याचा स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर आहे ना ते पाहा. पाणी खोलगट भागातून वाहतं, तिथं पाडलेलं भोक म्हणजे पाण्याला घरात यायचं आवतण. स्क्रूखालचं रबर उन्हानं कडक होऊन चिरतं. ते बदलायला फार पैसे लागत नाहीत, दुपार लागते.

भिंत

आता भिंतीजवळ जा. हात टेका. जांभ्या चिऱ्याची असेल तर तळव्याला तिचा खरबरीतपणा लागेल. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, पहारीनं कापता येतो. हवा लागली की कडक होत जातो. त्यात लोह आहे, म्हणून तो तांबडा. त्याच्या अंगभर बारीक भोकं आहेत, म्हणून तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. हे त्याचं पिणं आणि सोडणं ध्यानात घेतलं की भिंतीचं बहुतेक दुखणं उमगतं.

जुन्या लोकांनी या भिंतींना चुन्याचा गिलावा दिला, चुन्याची सफेदी दिली. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो, पण भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला जागा ठेवतो. पुढं आपण मजबुतीच्या ओढीनं त्यावर सिमेंट थापलं, वर तेलकट रंग लावला. ओल आत कोंडली. मग रंगाला फोड येतात, पोपडे सुटतात, आणि आपण त्यावर आणखी एक थर चढवतो. अशी जागा तुमच्या भिंतीवर असेल तर तिथं थोडा वेळ थांबा. बंद करण्याची आपली घाई किती मोठी असते, आणि भिंतीला कोरडं व्हायला जागा देणं किती साधं, याचा विचार करा. पोपडा खरवडा. भिंत उन्हात उघडी राहू द्या. ओल गेल्यावर चुना लावा.

भिंतीच्या चारही बाजूंना सारखाच मार बसत नाही. पाऊस नैऋत्येकडून येतो, तेव्हा घराची पश्चिम आणि दक्षिण अंगं झेलतात. तिथं चुडतांचे झाप विणून बांधायची पद्धत होती, आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिक आलं. काहीही बांधा, पण भिंतीला चिकटवून बांधू नका. मध्ये वारा खेळायला हातभर अंतर असू द्या.

याच अंगांना सांध्यांमध्ये एखादं कोवळं तांबूस पान दिसेल. पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी आलं, चिऱ्यांच्या फटीत थोडी ओल मिळाली, आणि ते रुजलं. आज ते दोन बोटांत धरून मुळासकट निघतं. आणखी चार पावसाळे गेले की त्याचं मूळ चिरे हलवू लागतं, आणि मग झाड आणि भिंत यांतलं एकच राखता येतं. त्या रोपाकडं रागानं पाहू नका, त्याचं जगणं खरं आहे. ते काढा, मूळ तुटलं नाही ना ते पाहा, परसात माती मोकळी असेल तिथं लावा, आणि भिंतीतली फट चुन्यानं भरून टाका.

जोतं

आता खाली बसा. अगदी उकिडवे. जोत्याच्या पातळीला डोळे आणल्याशिवाय घराचा पाया दिसत नाही.

पागोळ्या पडतात तिथं जमिनीवर एक चर पडलेला असेल, वर्षानुवर्षं थेंबांनी कोरलेला. थेंब जमिनीवर आपटून उडतो आणि माती घेऊन भिंतीवर येतो. भिंतीच्या तळाशी वीतभर उंचीचा तांबडा पट्टा दिसतो तो त्याचाच. पागोळीच्या रेषेत चपटे दगड किंवा जाड खडी पसरली की थेंब फुटतो आणि माती जागेवर राहते. त्या चराला पुढं उतार आहे का पाहा. जमीन घराकडं ढळत असेल तर कुदळ घेऊन ती घरापासून दूर ढळेल अशी करायची. शंका असेल तर तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठं जातं ते पाहत राहा. पाणी खोटं बोलत नाही.

इथंच, जोत्याच्या चिऱ्यांवर, मातीची एक बारीक नळी वर चढताना दिसते का? साधारण पेन्सिलीएवढी जाड. वाळवीचा हा झाकलेला रस्ता आहे. तिला ओल हवी असते, उजेड सोसत नाही, म्हणून ती जमिनीतून लाकडापर्यंत अशी मातीची वाट बांधते. मधला बोटभर भाग काडीनं मोडा आणि दोन दिवस सोडून द्या. पुन्हा बांधलेला दिसला तर ती आत जिवंत आहे, आणि जाणत्या माणसाला बोलवायला हवं. तसाच राहिला तर वाट जुनी आहे. औषध मारण्याआधी आणखी एक पाहा. जळाऊ लाकडं भिंतीला टेकून रचली आहेत का? न्हाणीचं पाणी तिथंच मुरतंय का? वाळवीला आपण काय वाढून ठेवलंय ते आधी उचलायचं.

लाकूड

दाराशी या. चौकटीच्या खालच्या टोकावर अंगठ्याचं नख दाबा. नख रुतलं नाही तर लाकूड ठीक आहे. रुतलं, आणि भुसा निघाला, तर पाणी तिथं थांबतं आहे. सडतं ते बहुतेक वेळा टोकाशीच. वाशांची वळचणीबाहेर आलेली टोकं, खांबाचा तळ, खिडकीच्या फळीची खालची कड. लाकडाचे तंतू तिथं उघडे पडतात आणि पाणी ओढून घेतात. म्हणून तेल लावायचं तर टोकांना आधी आणि जास्त. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला आणि होड्यांना लावत आले आहेत. ते कातडीला भाजतं, तेव्हा हात झाकून आणि लहान मुलांना लांब ठेवून.

जुन्या घरांत चुलीचा धूर रोज वाशांना लागत असे, आणि त्यानं कीड लागत नाही असं वडीलधारी माणसं सांगतात. आता चूल गेली, पुष्कळ घरांना तर वर्षातले दहा महिने कुलूप असतं. चाकरमानी मे महिन्यात येतो, गणपतीत येतो, आणि मधल्या काळात पावसात काय झालं ते घर एकटंच सोसतं. तुमचं घर असं असेल तर मनात अपराध धरून बसू नका. शेजारी कुणाकडं किल्ली आहे त्याला विनंती करा की महिन्यातून एकदा दारं उघडावीत, आणि मोठ्या पावसानंतर आत एक फेरी मारावी. त्याच्या हातावर त्या कष्टाचं काही ठेवा. निगा ही पगारी असली तरी माया कमी होत नाही.

आषाढात दार फुगतं, चौकटीत घासतं, लागत नाही. तेव्हा रंधा मारायचा मोह होतो. मारू नका. कार्तिकात ते पुन्हा आकसेल, आणि आज तासलेली जागा तेव्हा फट होऊन उभी राहील. घासतं तिथं मेण लावा आणि वाट पाहा. काही बिघाड ऋतूनं आणलेले असतात, तोच ते घेऊन जातो.

तडा

फेरी संपत आली की एखादा तडा दिसतोच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला, किंवा कोपऱ्याच्या चिऱ्यांमधून सरळ खाली. त्याच्यापुढं उभे राहा. छातीत काहीतरी आखडेल, ते जाणवू द्या.

आता पेन्सिल आणा. तडा जिथं संपतो तिथं एक आडवी रेघ मारा आणि शेजारी आजची तारीख लिहा. एवढंच. पावसाळाभर त्याला हात लावू नका. दिवाळीला पुन्हा पाहा. रेघेच्या आतच असेल तर तो जुना, शांत झालेला तडा आहे, चुन्यानं भरून टाका. रेघेच्या पुढं गेला असेल तर घर हलतं आहे, आणि वरवर भरून भागणार नाही, पायाकडं पाहणारा माणूस आणावा लागेल. दोन्ही उत्तरं कामाची आहेत. रेघ मारण्याआधी तुमच्याकडं फक्त भीती होती.

आयुष्यातल्या कुठल्या तड्यांवर आपण तारीख न लिहिताच लेप देत आलो, याचा विचार इथं आपसूक येईल. येऊ द्या. कुणाशी तुटलेलं बोलणं असेल, शरीरातलं जुनं दुखणं असेल. सगळं आजच दुरुस्त करायचं नसतं. पण पाहिलं आहे, खूण केली आहे, आणि पुन्हा पाहायला येणार आहे, हे स्वतःशी ठरवणं हीसुद्धा निगाच.

हात

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तिथल्या कुट्या माती, बांबू आणि गावठी कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या. पक्केपणाच्या कुठल्याही मोजमापात अशी झोपडी फार टिकू नये. ती आजही सेवाग्रामला उभी आहे, आणि माणसं तिच्या सावलीत जाऊन बसतात. मातीच्या भिंतीला हात लागत राहिला, कवेलू बदलत राहिले, म्हणून ती आहे. याउलट कोकणात कुठल्याही वाडीत चिऱ्याची भक्कम घरं आढं खचून पडलेली दिसतील, ज्यांच्याकडं कुणी पाहिलंच नाही. घर पडायला मोठं वादळ लागत नाही. एका सरकलेल्या कौलाखाली वासा भिजत राहतो, वासा खचतो, त्याबरोबर आढं बसतं, आणि मग भिंत उघडी पडते. ही साखळी पहिल्या कडीपाशी एका माणसाला अर्ध्या तासात तोडता येते.

कौलं परतणारे हात कमी झाले आहेत. जे आहेत त्यांतले बरेच उतारवयाचे आहेत. छपराच्या उतारावर कसं बसावं, वारा असताना कुठून सुरू करावं, हे त्यांना माहीत आहे, आणि ते कुठं लिहून ठेवलेलं नाही. असे काका तुमच्या गावात असतील तर या मे महिन्यात त्यांना बोलवा. त्यांना मजुरी पूर्ण द्या, चहा द्या, आणि घरातल्या एका पोराला दिवसभर खाली कौलं द्यायला उभं करा. पोरगं कंटाळेल, तरी उभं करा. संध्याकाळी त्याला घेऊन तांब्याभर पाणी पागोळीच्या चरात ओता. कुठं जातंय ते त्याला सांगू नका. त्याला विचारा.

आणि आजच्या फेरीतल्या सगळ्या खुणांमधून एकच निवडा. सगळ्यात मोठी निवडायची गरज नाही, पाणी सगळ्यात आधी जिथं शिरेल ती निवडा. तेवढी मृगाआधी करा. बाकीच्या वहीत लिहून ठेवा, पुढच्या रविवारी त्यांतली दुसरी घ्या.